काउंटी आजची नको, त्या वर्षीची हवी: केंटकीतील पूर्वजांचा शोध घेणाऱ्या ग्राहकांसाठी

अमेरिकेत स्थायिक झालेली मराठी कुटुंबे सुनेच्या किंवा जावयाच्या घराण्याची वंशावळ नातवंडांसाठी लावून घ्यायला आमच्याकडे येतात. त्यांतील ज्यांचे पूर्वज अठराव्या शतकाच्या अखेरीस व्हर्जिनियातून डोंगर ओलांडून केंटकीत वसले, त्यांची एक तक्रार ठरलेली असते: ‘त्या काउंटीची सगळी कागदपत्रे पाहिली, पण आमचे नाव कुठेच नाही.’

बहुतेक वेळा नाव असते, काउंटी (राज्याचा आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग) चुकलेली असते. समजा, आजच्या बर्बन काउंटीतील एका ओढ्याकाठी १७७६ च्या वसंतात कोणी जमीन धरली. त्या वेळी ती जागा व्हर्जिनियाच्या फिनकॅसल काउंटीत होती. वर्ष सरता सरता ती केंटकी काउंटीत गेली, १७८० मध्ये फेएटमध्ये आणि १७८६ मध्ये बर्बनमध्ये. दहा वर्षांत त्या माणसाच्या चार काउंट्या झाल्या, आणि त्याने घर जागचे हलवलेही नव्हते. नवी काउंटी निघाली तरी जुने दप्तर सहसा मूळ काउंटीच्या कचेरीतच राहते. फिनकॅसलचे दप्तर तर आजही व्हर्जिनियातील मॉन्टगोमेरी काउंटीकडे आहे. म्हणून चौकशीपत्रात आजच्या काउंटीचे एकच नाव आले, की आमचे पहिले काही दिवस भलत्याच कचेरीत जातात आणि त्याचा खर्च ग्राहकावर पडतो.

याच कारणासाठी आम्ही नाव शोधण्याआधी सालवार सीमांचा तक्ता करतो व त्याचे शुल्क वेगळे घेतो. हा खर्च टाळता येईल का, असे पुष्कळजण विचारतात. आमच्या अनुभवाने तो टाळू नये.

१७९० आणि १८०० या दोन्ही जनगणनांची केंटकीची पाने आज उपलब्ध नाहीत, आणि १८४० पर्यंतच्या जनगणनेत केवळ कुटुंबप्रमुखाचे नाव असून बायकामुले नुसत्या आकड्यांत मोजलेली आहेत. त्यामुळे आमची भिस्त १७९२ पासूनच्या करयाद्यांवर असते. त्यांत एकर, घोडे आणि त्या काळाची क्रूर नोंद म्हणून गुलामांची संख्याही असते. पण आमच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा रकाना जमीन ज्या ओढ्यालगत आहे त्याच्या नावाचा. एकाच नावाच्या दोन माणसांपैकी एक स्टोनर क्रीकवर आणि दुसरा हिंक्स्टन क्रीकवर दिसला, की दोघांची मुले एकाच्या खाती जमा होण्याची चूक टळते. इंटरनेटवरील तयार वंशवृक्षांत ही चूक फार आढळते, म्हणून आम्ही त्यांना पुरावा मानत नाही.

खरेदीखतातील चतुःसीमाही आम्ही शब्दशः उतरवून घेतो. पांढऱ्या ओकच्या झाडापासून इतके पोल, म्हणजे प्रत्येकी साडेसोळा फूट, तेथून अमक्याच्या कोपऱ्यापर्यंत, अशी ती भाषा असते. हा ‘अमका’ पुष्कळदा सासरा किंवा मेहुणा निघतो. शेजाऱ्यांची खतेही वाचण्याचा आमचा आग्रह त्यासाठीच आहे.

चौकशीपत्रात पूर्वजाचे नाव, अंदाजे साल आणि घरात ऐकिवात असलेले ओढ्याचे नाव अवश्य लिहावे. काउंटी ठाऊक नसल्यास तो रकाना मोकळा सोडावा. तो आम्ही भरून देऊ.