शरणपूर रोड, नाशिक

शरणपूर रोड हा नाशिक शहराच्या पश्चिम भागातील एक प्रमुख रस्ता. महापालिकेचे मुख्यालय असलेले राजीव गांधी भवन, कॅनडा कॉर्नर, कुलकर्णी गार्डन आणि तिबेटियन मार्केट ही या परिसरातील ठळक ठिकाणे. पाट्यांवर ‘शरणपूर’ आणि ‘शरणपुर’ अशी दोन्ही लेखने आढळतात. एकोणिसाव्या शतकात शहराच्या वेशीबाहेर वसवलेल्या ‘शरणपूर’ या ख्रिस्ती वसाहतीवरून रस्त्याला हे नाव मिळाले.

नाशिकमधल्या जुन्या रस्त्यांची नावे बहुधा रस्ता कुठे जातो ते सांगतात. पेठ रोड पेठला जातो, दिंडोरी रोड दिंडोरीला, त्र्यंबक रोड त्र्यंबकेश्वरला, गंगापूर रोड गंगापूरला. शरणपूर रोडही याच रीतीचा. फरक इतकाच की त्याचे गाव शहरापासून फार लांब नव्हते. शहर पश्चिमेला पसरत गेले तसे ते शहराच्या पोटात आले आणि रस्ता कुठे पोहोचतो हे सांगणारे नाव पत्त्यापुरते उरले. सातपूर, गंगापूर यांच्या पंगतीत ‘शरणपूर’ इतके सहज बसते की ते मुद्दाम घडवलेले नाव असावे, अशी शंकाही येत नाही.

नावातला ‘शरण’ नीट समजून घ्यायला हवा. रोजच्या मराठीत शत्रू शरण येतो, म्हणजे हार मानतो. धर्मांतरितांची वस्ती म्हटल्यावर तोच अर्थ मनात येण्याचा संभव आहे. पण संस्कृतात ‘शरण’ म्हणजे आश्रय, रक्षण. घर असाही त्याचा अर्थ होतो. ‘बुद्धं शरणं गच्छामि’ मधला शरण तो हाच. म्हणून शरणपूर म्हणजे हरलेल्यांचे गाव नव्हे, आसऱ्याचे गाव. बायबलमध्ये जीव वाचवण्यासाठी पळून आलेल्यांना अभय देणारी ‘आश्रयनगरे’ आहेत. त्या कल्पनेला इथे अस्सल देशी शब्द मिळाला.

आसऱ्याची गरजही खरी होती. चर्च मिशनरी सोसायटीचे काम नाशिकात १८३२ मध्ये सुरू झाले. जो बाप्तिस्मा घेई त्याचे घर, जात आणि नातीगोती एका दिवसात तुटत. १८५० च्या कायद्याने धर्म बदलणाऱ्याचा वारसाहक्क कागदावर शाबूत ठेवला, पण कायद्याने कुणाला पंगतीत पान मिळत नाही की विहिरीवर घागर भरता येत नाही. अशा माणसांना राहायला जागा आणि हाताला काम मिळावे म्हणून विल्यम सॉल्टर प्राइस या मिशनऱ्याने १८५४ साली शरणपूर वसवले. तिथे शाळा, अनाथाश्रम होता आणि सुतारकाम, लोहारकाम असे हातचे धंदे शिकवले जात.

१८६० च्या दशकात या आसऱ्याला वेगळेच माणूसबळ मिळाले, आणि शरणपूरच्या इतिहासातला सर्वांत मोलाचा भाग तोच आहे. पूर्व आफ्रिकेतून पकडून नेलेली मुले-मुली घेऊन अरबी समुद्रातून जाणारी गलबते ब्रिटिश आरमार अडवत असे. सुटका झालेल्यांपैकी काही मुलांना मुंबईला आणले जाई आणि तिथून काहींना शरणपूरच्या आफ्रिकन आश्रमात. आईबाप कुठे, गाव कोणते, हे त्यातल्या कित्येकांना सांगता येण्यासारखे नव्हते. इंग्रजी कागदपत्रांत त्यांना ‘नासिक बॉईज’ म्हटले आहे. गोदाकाठच्या गावाचे नाव अशा रीतीने आफ्रिकेच्या प्रवासवर्णनांत शिरले.

प्रसिद्ध प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८६५ मध्ये नाशिकला आला आणि आपल्या अखेरच्या मोहिमेसाठी त्याने इथून नऊ तरुण निवडले. पुढे १८७२ मध्ये त्याच्या मदतीला पाठवलेल्या तुकडीत शरणपुरात शिकलेला जेकब वेनराइट होता. १ मे १८७३ रोजी आजच्या झांबियात, चितांबो या गावी लिव्हिंग्स्टन वारला. बरोबरच्यांनी त्याचे हृदय तिथेच झाडाखाली पुरले. वेनराइटने प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर नाव व तारीख कोरली. सुसी आणि चुमा या लिव्हिंग्स्टनच्या जुन्या आफ्रिकन सोबत्यांच्या पुढारपणाखाली त्यांनी पार्थिव सुमारे दीड हजार किलोमीटर वाहून किनाऱ्याला आणले. वेनराइट पार्थिवाबरोबर लंडनला गेला. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला हात लावणाऱ्या मानकऱ्यांत तो होता. कोवळ्या वयात गुलाम म्हणून विकला गेलेला आणि नाशिकच्या शाळेत अक्षरे गिरवलेला हा तरुण तिथे उभा होता, ही गोष्ट नाशिकच्या शाळांतून शिकवली जायला हवी.

शरणपुरातली सगळीच मुले मोहिमांवर गेली नाहीत. विल्यम जोन्स आणि इश्माएल सेम्लर १८६४ मध्येच आजच्या केनियातल्या मोम्बासाजवळच्या राबाई इथल्या मिशनमध्ये रुजू झाले होते; १८८५ मध्ये दोघांना धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. तिकडे या मंडळींना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत. स्वभाषा विसरून, हिंदुस्थानी बोलत ती आफ्रिकेत परतली, तेव्हा जन्मभूमीतही त्यांना काहीशा परक्यासारखेच वागवले गेले.

१८७४ मध्ये प्राइस स्वतः मोम्बासाला गेला आणि सुटका झालेल्या गुलामांसाठी त्याने तिथे नवी वसाहत उभारली. शरणपूरची बरीच आफ्रिकन मंडळी तिकडे गेली. वसाहतीला नाव दिले फ्रिअर टाउन, मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून. नाशिकच्या वसाहतीला आसऱ्याचे नाव मिळाले होते, मोम्बासाच्या वसाहतीला साहेबाचे. मात्र तिथल्या लोकांनी आपले नाव आपणच शोधले. गुलामांचे व्यापारी येताना दिसले की धोक्याचा इशारा द्यायला वसाहतीत एक घंटा टांगलेली होती. स्वाहिलीत घंटेला ‘केंगेले’ म्हणतात. त्या भागाला मोम्बासात आजही ‘केंगेलेनी’ म्हणतात, म्हणजे ‘घंटेपाशी’.