वणव्याचा धूर आणि मैदानी स्पर्धा

वणव्याच्या धुराने किंवा अन्य प्रदूषणाने हवा बिघडली असता उघड्यावरची स्पर्धा खेळवायची, लांबणीवर टाकायची की थांबवायची, हे ठरवण्याची पद्धत. पाऊस किंवा वीज सर्वांना दिसते, त्यामुळे तिथे वाद कमी होतो. धुराचे तसे नाही. वास येत नाही म्हणून हवा चांगली, असे म्हणता येत नाही आणि दिसेनासे होईपर्यंत थांबले तर फार उशीर झालेला असतो.

धुरातला मुख्य धोका पीएम २.५ या कणांचा. २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून बारीक असलेले हे कण फुप्फुसात खोलवर पोचतात. विश्रांतीत माणूस मिनिटाला साधारण ६ ते ८ लिटर हवा आत घेतो. जोराच्या श्रमात हाच आकडा १०० लिटरच्या पुढे जातो. शिवाय तेव्हा श्वास तोंडाने चालतो आणि नाकाची गाळणी बाजूलाच राहते. म्हणूनच एकाच हवेत बाकावर बसलेला प्रेक्षक आणि मैदानात धावणारा खेळाडू यांच्या वाट्याला सारखा धूर येत नाही. दमा किंवा हृदयविकार असलेले आणि लहान मुले यांना त्रास लवकर होतो.

निर्णयाचा आधार सहसा हवा गुणवत्ता निर्देशांक (एक्यूआय) असतो; आकडा जितका मोठा तितकी हवा वाईट. अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडा संघटना एनसीएएच्या मार्गदर्शनानुसार १०० च्या वर संवेदनशील खेळाडूंना बाहेर न खेळवण्याचा विचार करावा, १५० च्या वर सर्वांवर बारीक लक्ष ठेवावे आणि २०० ला सर्वांना मैदानातून काढावे. मात्र हे आकडे जसेच्या तसे दुसऱ्या देशात उचलून नेता येत नाहीत. घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम पीएम २.५ असेल तर भारतीय निर्देशांक १०० दाखवतो, म्हणजे हवा ‘समाधानकारक’. अमेरिकेच्या २०२४ च्या सुधारित मोजपट्टीवर तीच हवा १५० च्या वर, ‘अपायकारक’ गटात जाते. नियमावलीत नुसता ‘एक्यूआय’ लिहून भागत नाही. कोणत्या देशाचा, ते लिहावे लागते. थेट पीएम २.५ चे प्रमाण लिहिले तर उत्तमच.

दुसरी अडचण वेळेची. २४ तासांची सरासरी सामन्याच्या कामाची नसते, कारण वारा फिरला की तासाभरात चित्र पालटते. २०१४ मध्ये अमेरिकेतील लेक टाहो येथील आयर्नमॅन ही पोहणे, सायकल आणि धावण्याची लांब पल्ल्याची शर्यत ‘किंग’ नावाच्या वणव्याच्या धुरामुळे शर्यतीच्याच दिवशी सकाळी, सुरू होण्याच्या थोडे आधी रद्द करावी लागली. त्यामुळे मैदानाजवळच्या केंद्राची ताशी नोंद पाहतात, केंद्र दूर असेल तर स्वस्त संवेदक (हवेतले कण मोजणारी छोटी उपकरणे) लावतात. हे संवेदक धुरात बरेचदा वाढीव आकडा दाखवतात. तो आकडा दुरुस्त करूनच वाचावा लागतो.

आकडा आधी ठरलेला नसेल तर काय होते, हे जानेवारी २०२० मध्ये वणव्यांच्या धुराने वेढलेल्या मेलबर्नला दिसले. ऑस्ट्रेलियन ओपन टेनिस स्पर्धेच्या पात्रता फेरीत स्लोव्हेनियाची दलिला याकुपोविच खोकल्याची उबळ येऊन कोर्टवर गुडघे टेकून बसली आणि तिने सामना सोडला. त्यानंतर आयोजकांनी पीएम २.५ वर आधारलेले धोरण जाहीर केले. पीएम २.५ चे प्रमाण २०० झाले की खेळ थांबवायचा असे त्यात ठरले. त्याआधी २१ डिसेंबर २०१९ रोजी कॅनबेराच्या मानुका ओव्हलवर बिग बॅश या ऑस्ट्रेलियातील ट्वेंटी-२० क्रिकेट स्पर्धेचा सामना दुसऱ्या डावात धुरामुळे सोडून द्यावा लागला होता. डिसेंबर २०१७ च्या दिल्ली कसोटीत प्रदूषणामुळे श्रीलंकेचे क्षेत्ररक्षक मास्क लावून उभे राहिले, खेळ काही वेळा थांबला, आणि खेळण्यालायक हवा म्हणजे कोणती हा प्रश्न पंचांच्या गळ्यात पडला. प्रकाशमापक त्यांच्याजवळ असतो. हवेसाठी तसे काही नव्हते.

उपाय मोजके आहेत : वेळ किंवा ठिकाण बदलणे, अंतर कमी करणे, विश्रांती व बदली खेळाडू वाढवणे, इनहेलर हाताशी ठेवणे. एन९५ मास्क कण अडवतो, वायू अडवत नाही, आणि तो लावून पूर्ण वेगात धावणे जवळपास अशक्य. छपराखाली जाणे हाही हमखास तोडगा नव्हे, कारण आत येणारी हवा बाहेरचीच असते. कॅनडातल्या वणव्यांचा धूर ७ जून २०२३ रोजी न्यूयॉर्कवर आला तेव्हा यांकीजचा बेसबॉल सामना पुढे ढकलला गेला, तसा ब्रुकलिनमधला बंदिस्त सभागृहातला महिला बास्केटबॉल सामनाही.

नियम प्रामुख्याने खेळाडूंसाठी लिहिले जातात. चेंडू उचलणारी मुले, स्वयंसेवक, सुरक्षारक्षक सामन्याच्या आधीपासून नंतरपर्यंत उघड्यावर उभे असतात. कॅलिफोर्नियात २०१९ पासून उघड्यावर काम करणाऱ्यांना पीएम २.५ चा निर्देशांक १५१ झाला की श्वसनरक्षक मास्क उपलब्ध करून देणे मालकांवर बंधनकारक आहे. म्हणजे मैदान एकच, पण फाटकावरच्या माणसाचा आकडा खेळाडूच्या आकड्याआधी ओलांडला जाऊ शकतो.