माशांआधी जिवाणू

ॲक्वापोनिक्स म्हणजे माशांच्या टाकीतलं पाणी भाजीच्या वाफ्यातून फिरवून दोन्ही एकत्र वाढवणं. ते सुरू करताना सगळं लक्ष तिलापिया या माशावर असतं. सांभाळायचे असतात ते मात्र डोळ्यांना न दिसणारे जिवाणू. माशांच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. जिवाणूंचा एक गट त्याचं नायट्राइट करतो आणि दुसरा त्या नायट्राइटचं नायट्रेट. भाजी पोसली जाते ती मुख्यतः या नायट्रेटवर.

1000 लिटरची टाकी धरू. त्यात अर्ध्या किलोचे 30 मासे दिवसाला साधारण 180 ग्रॅम खाद्य खातात. एक किलो खाद्यामागे सुमारे 30 ग्रॅम अमोनिया तयार होतो. म्हणजे जिवाणू नसतील, तर एका दिवसातच लिटरमागे 5 मिलिग्रॅमहून अधिक अमोनिया साठेल. 25 अंशांच्या पाण्यात पीएच (पाण्याची आम्लता दाखवणारा आकडा, आम्ल वाढलं की तो उतरतो) 8 असेल तर त्यातला सुमारे 5 टक्के भाग माशांना घातक अशा रूपात असतो, पीएच 7 ला जेमतेम अर्धा टक्का. पीएच 6.8 ते 7.2 मध्ये ठेवायचा तो म्हणूनच.

म्हणून मासे सोडण्याआधी 4 ते 6 आठवडे टाकी नुसत्या पाण्यावर चालवावी. पाण्याचा पंप आणि हवेचा पंप सुरू ठेवून रोज चिमूटभर मासेखाद्य पाण्यात कुजू द्यावं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आधी घालवावं, नाहीतर जिवाणू मरतात. चाचणी-संचावर पहिल्यांदा अमोनिया चढतो, मग नायट्राइट. दोन्ही शून्यावर आले आणि नायट्रेट दिसू लागलं की 50 ग्रॅमची पिल्लं सोडावीत. नायट्राइट चढलेलं असताना मासे सोडले तर त्यांचं रक्त ऑक्सिजन वाहू शकत नाही. इथेच घाई सर्वांत महाग पडते. (तिलापिया पाळायला अनेक ठिकाणी परवाना लागतो, ते आधी तपासावं.)

पालेभाजीच्या एका चौरस मीटरमागे माशांना रोज 40 ते 50 ग्रॅम खाद्य घालावं लागतं. 180 ग्रॅमवर 4 चौरस मीटर वाफा पोसला जाईल. पण 30 पिल्लं सुरुवातीला जेमतेम 45 ग्रॅम खातात, तेव्हा एकच चौरस मीटर लावावा आणि मासे वाढतील तसा वाफा वाढवावा. सगळा वाफा पहिल्याच दिवशी लावला की पानं पिवळी पडतात आणि दोष उगाच रोपांवर जातो.

वाफ्यात 30 सेंटिमीटर खडी भरावी. खडीवर व्हिनेगर टाकून बघावं. बुडबुडे आले तर तो चुनखडक आहे, त्याने पीएच चढतच राहील. चारही चौरस मीटर एकदम भरले तर खडीच्या फटींत सुमारे 400 लिटर पाणी शिरतं आणि माशांची टाकी जवळजवळ अर्धी होते. त्यासाठी खाली 500 लिटरची वेगळी टाकी ठेवून पंप तिच्यात बसवावा. तासाला साधारण 1000 लिटर पाणी फिरलं पाहिजे.

जिवाणू काम करतात तसं पाणी आम्ल होत जातं. पीएच 6 च्या खाली गेला की ते मंदावतात आणि अमोनिया पुन्हा साठू लागतो. पीएच वर आणायला विझवलेला चुना आणि पोटॅशियम बायकार्बोनेट आलटून पालटून, थोडं थोडं विरघळवून घालावं. खाण्याचा सोडा नको, त्यातलं सोडियम साचत जातं. कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या दिसल्या तर ती लोहाची कमतरता समजावी.

तिलापियाला 27 ते 30 अंश मानवतात. हरितगृह थंड पडून पाणी 17 अंशांखाली गेलं की तो खाणं जवळजवळ सोडतो. तेव्हा खाद्य टाकत राहिलं तर ते तळाशी कुजतं. वीज गेल्यास ऑक्सिजन झपाट्याने संपतो, म्हणून हवेच्या पंपाला बॅटरी हवीच.

आणि सेंद्रिय शेतीत चालणारी प्रत्येक फवारणी इथे चालत नाही. फुलांपासून मिळणारं पायरेथ्रम माशांना अत्यंत विषारी आहे. बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकातलं तांबंही घातक, आणि साबणाचं पाणी कल्ले खराब करतं. अळ्यांवर बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा अळ्या मारणारा जिवाणू वापरावा, माव्यावर लेडीबर्ड भुंगेरे सोडावेत.