थर्मल पेस्ट : खोक्यावरचा आकडा आणि प्रोसेसरवरचा थर

एप्रिल उजाडला की ठाण्यातल्या संगणक दुरुस्तीच्या दुकानांत एकच तक्रार वारंवार ऐकू येते : गेम किंवा व्हिडिओ एडिटिंग सुरू केले की पंखा घोंघावू लागतो, प्रोसेसरचे तापमान नव्वदीला टेकते आणि मशीन मंदावते. स्टेशन परिसरातल्या अशाच एका दुकानात नुकतीच एक खरेदी पाहिली. काउंटरवर थर्मल पेस्टच्या तीन सिरिंज मांडलेल्या होत्या. एकीच्या खोक्यावर ६, दुसरीच्या ८.५ आणि तिसरीच्या १४ असा उष्णतावाहकतेचा आकडा होता. तिसरीवर ‘चांदीयुक्त’ असेही ठळक छापलेले होते. “१४ वाली घ्या साहेब, ही दुप्पट थंड ठेवते,” असे दुकानदाराने सांगितले आणि गिऱ्हाइकाने विनातक्रार ती घेतली. दुकानदार फसवत होता असे मुळीच नाही. जे सर्वत्र मानले जाते तेच तो सांगत होता. मात्र हा समज चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा आहे हे पाहताना पदार्थविज्ञानाचा एक फार देखणा भाग हाती लागतो.

मुळात पेस्ट लागते कशाला? डेस्कटॉप प्रोसेसरच्या चिपवर निकेलचा मुलामा दिलेल्या तांब्याचे झाकण असते आणि त्यावर कूलरचा धातूचा तळ बसतो. दोन्ही पृष्ठभाग हाताला गुळगुळीत लागले, तरी सूक्ष्मदर्शकाखाली ते डोंगरदऱ्यांसारखे असतात. शिवाय झाकण पूर्ण सपाट नसते, ते किंचित फुगीर किंवा खोलगट असते. दोन धातू एकमेकांवर दाबले की त्यांचा खरा स्पर्श काही शिखरांपुरताच होतो आणि उरलेल्या भागात हवा अडकून राहते. तांब्याची उष्णतावाहकता सुमारे ४०० वॅट प्रति मीटर-केल्विन आहे, तर हवेची सुमारे ०.०२६, म्हणजे जवळजवळ १५ हजार पटींचा फरक. ती हवा हुसकावून लावणे एवढेच पेस्टचे काम आहे. ती उष्णता शोषून घेत नाही, थंडावा निर्माण करत नाही. ती फक्त वाट मोकळी करते.

आता थोडे गणित करू. थरामुळे होणारा औष्णिक रोध, म्हणजे उष्णतेच्या वाटेतला अडथळा, हा थराची जाडी भागिले वाहकता आणि क्षेत्रफळ यांचा गुणाकार एवढा असतो. त्याला उष्णतेच्या वॅटने गुणले की थराच्या दोन बाजूंच्या तापमानांतला फरक मिळतो. प्रोसेसर १२० वॅट उष्णता बाहेर टाकतो आणि ती चिपच्या आकाराएवढ्या, म्हणजे २ चौरस सेंटिमीटर भागातून वर जाते, असे धरू. या भागात १० मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा, अखंड हवेचा थर असता, तर त्या थराच्या दोन बाजूंत तब्बल २३० अंशांचा फरक पडला असता. प्रत्यक्षात तेथवर वेळ येत नाही, कारण ९५ किंवा १०० अंशांच्या आसपास प्रोसेसर आपणहून वेग कमी करतो. आता हवेच्या जागी ५ वाहकतेची पेस्ट ५० मायक्रॉन जाडीने भरा : फरक ६ अंशांवर येतो. १२.५ वाहकतेची पेस्ट तेवढ्याच जाडीने भरली तर तो २.४ अंश होतो. म्हणजे ‘अडीचपट चांगल्या’ पेस्टमुळे मिळालेला लाभ साडेतीन अंशांचा आहे, आणि झाकणातून उष्णता आडवी पसरत असल्यामुळे प्रत्यक्षात तो याहूनही कमी भरतो.

याच गणितातला दुसरा आकडा मात्र खोक्यावर कुठेच छापलेला नसतो. ८ वाहकतेची पेस्ट ३० मायक्रॉनपर्यंत पातळ बसली तर फरक २.२५ अंशांचाच राहतो, म्हणजे १२.५ च्या त्या ५० मायक्रॉन थरापेक्षाही कमी. तीच १२.५ वाली पेस्ट १०० मायक्रॉन जाड राहिली तर फरक ४.८ अंशांवर जातो. वाहकता आणि जाडी यांना गणितात सारखेच वजन आहे. आपण मात्र वाहकतेपुरतेच पैसे मोजतो.

पेस्ट आतून कशी असते ते पाहिले की या दोन्ही गोष्टी एकमेकींना कशा जखडलेल्या आहेत ते कळते. पेस्टचा पाया बहुधा सिलिकॉन तेलाचा असतो आणि त्याची वाहकता ०.१५ ते ०.२ एवढीच, म्हणजे जवळपास उष्णतारोधकासारखी असते. त्यात झिंक ऑक्साइड, ॲल्युमिना, बोरॉन नायट्राइड, ॲल्युमिनियम किंवा चांदी यांचे सूक्ष्म कण खच्चून भरलेले असतात. चांदीची वाहकता सुमारे ४३० आणि ॲल्युमिनाची ३० च्या आसपास असल्यामुळे चांदीची पेस्ट चौदापट चांगली असावी, असे कोणालाही वाटेल.

येथे भौतिकशास्त्रज्ञ जेम्स क्लार्क मॅक्सवेल मदतीला येतो. एका माध्यमात दुसऱ्या पदार्थाचे गोल कण विखुरले असतील तर त्या मिश्रणाची वाहकता किती होईल, याचे सूत्र त्याने १८७३ मध्ये विजेसाठी मांडले. उष्णतेलाही तेच गणित लागू पडते. तेलाची वाहकता ०.२ आणि कणांनी व्यापलेली जागा निम्मी धरली, तर ॲल्युमिनाच्या मिश्रणाची वाहकता ०.७८ येते आणि चांदीच्या मिश्रणाची ०.८०. कण चौदापट सरस असूनही मिश्रणात फरक तीन टक्क्यांहून कमी! चांदीऐवजी हिरा घातला तरी आकडा ०.८० च्या पुढे जवळजवळ हलत नाही, कारण कण तेलापेक्षा शंभर-दीडशे पट वाहक झाला की सूत्रात त्याची वाहकता जणू अनंतच असते. उष्णतेला एका कणातून दुसऱ्या कणात जाताना प्रत्येक वेळी तेलाचा पदर ओलांडावा लागतो, आणि खरा अडसर त्या पदराचा असतो. कण स्वतः किती वाहक आहे याने तो पदर पातळ होत नाही. उलट ॲल्युमिनाचेच प्रमाण ५० वरून ६० टक्क्यांवर नेले, तर वाहकता ०.७८ वरून १.०६ वर जाते, म्हणजे ३६ टक्क्यांनी वाढते. मॅक्सवेलचे सूत्र विरळ मिश्रणासाठीचे आहे. दाटीवाटीने भरलेल्या खऱ्या पेस्टमध्ये कणाला कण भिडून उष्णतेच्या साखळ्या तयार होतात, त्यामुळे वाहकता सूत्रापेक्षा बरीच जास्त मिळते आणि कणाच्या पदार्थालाही थोडे अधिक महत्त्व येते. तरीही कल हाच राहतो : कण कशाचे आहेत यापेक्षा ते किती भरले आहेत हे जास्त महत्त्वाचे.

मग कण भरत का जाऊ नयेत? एकाच आकाराचे गोल कण कसेही ओतले तर ते सुमारे ६४ टक्के जागा व्यापतात आणि त्यापुढे जागाच उरत नाही. हरभऱ्याने काठोकाठ भरलेल्या डब्यात मूठभर मोहरी मात्र अजून सहज मावते. पेस्ट बनवणारे नेमके हेच करतात; दोन-तीन आकारांचे कण अशा प्रमाणात मिसळतात की मोठ्यांमधल्या फटी मध्यम कणांनी आणि त्यांच्यामधल्या फटी लहान कणांनी भरून निघाव्यात. चांगल्या पेस्टचे खरे कसब या मिश्रणात असते. ‘नॅनो’ हा शब्द छापून माल खपवणाऱ्यांनी मात्र याची उलटी बाजू दडवलेली असते. दोन पदार्थ जिथे भेटतात त्या सीमेवरही उष्णतेला अडथळा होतो. रशियन भौतिकशास्त्रज्ञ प्योत्र कापित्सा यांनी १९४१ मध्ये द्रवरूप हेलियमबाबत तो प्रथम दाखवून दिला. कण जितके बारीक, तितक्या सीमा जास्त आणि तितके हे अडथळेही जास्त. केवळ नॅनो कणांनी भरलेली पेस्ट या कारणाने अधिक वाईटही ठरू शकते. ‘नॅनो डायमंड’ या शब्दांवर विसंबणे आणि ग्रहशांतीच्या खड्यावर विसंबणे यांत मला फारसा फरक दिसत नाही. दोन्हीकडे पदार्थाच्या नावालाच गुण मानलेले असते.

कण वाढवण्याची किंमत मात्र जाडीत मोजावी लागते. दाट पेस्ट साध्या द्रवासारखी वाहत नाही. ठरावीक ताण ओलांडला तरच ती हलते, नाहीतर घन पदार्थासारखी जागच्या जागी बसून राहते. या सीमेला नमन-ताण म्हणू. कूलरचे स्क्रू आवळले की पेस्ट कडेला सरकत पातळ होत जाते, आणि एका जाडीला पोहोचली की दाब व नमन-ताण यांचा तोल साधून थांबते. इंटेलमधील रवी प्रशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या अंतिम जाडीसाठी प्रयोगांवर आधारलेले एक सूत्र दिले आहे : ही जाडी नमन-ताण भागिले दाब या गुणोत्तराच्या ०.१६६ व्या घाताच्या प्रमाणात असते. एवढ्या लहान घाताचा अर्थ असा, की दाब दुप्पट केला तरी जाडी जेमतेम ११ टक्क्यांनी कमी होते. त्यामुळे मदरबोर्ड वाकेपर्यंत स्क्रू पिळण्यात अर्थ नाही. दुसऱ्या बाजूने, कणांचे प्रमाण कमाल मर्यादेजवळ गेले की नमन-ताण एकदम भडकतो, अनेक पटींनी वाढतो, आणि तेव्हा मात्र लहान घातालाही न जुमानता थर जाड होतो. म्हणून कण वाढवत नेले की रोध आधी उतरतो, एका प्रमाणाला किमान होतो आणि पुढे पुन्हा चढू लागतो. छापील आकड्यासाठी कण ठासून भरलेली, सिरिंजमधून अंगठा दुखेपर्यंत दाबावी लागणारी पेस्ट ही बऱ्याचदा या किमान बिंदूच्या पलीकडे गेलेली असते.

प्रामाणिकपणे मोजलेला आकडाही पुरा का पडत नाही, हे आता लक्षात येईल. एएसटीएम या मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या डी-५४७० या प्रमाणित चाचणीत नमुना दोन धातूंच्या दांड्यांमध्ये ठेवून त्यातून ठरावीक उष्णता सोडतात, वेगवेगळ्या जाडीला रोध मोजतात आणि जाडी-रोधाच्या आलेखाच्या चढावरून वाहकता काढतात. चढ काढताना धातू आणि पेस्ट यांच्या सीमेवरचा रोध गणितातून गळून पडतो, आणि तुमच्या कूलरखाली थर किती पातळ होईल हे तर चाचणीत विचारलेलेच नसते. शिवाय सर्व उत्पादक एकाच पद्धतीने मोजतात असेही नाही. काही नामवंत उत्पादक वाहकता छापायचेच टाळतात, आणि मला ते योग्य वाटते.

पेस्ट संपली तर टूथपेस्ट लावा, हा सल्लाही अधूनमधून फिरत असतो. ती पहिल्या दिवशी खरोखर चालते, कारण पाण्याची वाहकता ०.६, म्हणजे सिलिकॉन तेलाच्या तिप्पट-चौपट आहे. पण सत्तर अंशांच्या झाकणावर ते पाणी टिकत नाही. मागे भेगाळलेली पांढरी खपली उरते आणि भेगांत पुन्हा हवा शिरते. दुसऱ्या टोकाला लिक्विड मेटल आहे. गॅलियम, इंडियम आणि कथिल यांचा हा मिश्रधातू खोलीच्या तापमानाला द्रव असतो आणि त्यात तेलाचा पदरच नसतो. पण तो वीजवाहक असल्यामुळे मदरबोर्डवर थेंब सांडला तर शॉर्ट होऊ शकतो, आणि गॅलियम ॲल्युमिनियममध्ये झिरपून त्याला ठिसूळ करून टाकतो. कूलरचा तळ ॲल्युमिनियमचा असेल तर ते वापरूच नये. घरगुती डेस्कटॉपला ही जोखीम घेण्याचे कारण मला दिसत नाही.

निवड करताना पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे पेस्ट टिकते किती. तापल्यावर चिपच्या सिलिकॉनपेक्षा (हे पेस्टमधल्या सिलिकॉन तेलाहून वेगळे) तांबे सुमारे सहापट जास्त प्रसरण पावते. मशीन तापते-निवते तसे पृष्ठभाग किंचित हलत राहतात आणि पातळ पेस्ट हळूहळू कडेला ढकलली जाते. काही वर्षे चाललेल्या मशीनचा कूलर उचलून पाहा : कडेला राखाडी पेस्टची उंच कड जमलेली असते, आणि मधोमध, नेमक्या चिपच्या डोक्यावर, झाकणाचा धातू उघडा पडलेला असतो. लॅपटॉप आणि ग्राफिक्स कार्डांत कूलर थेट उघड्या चिपवर बसत असल्याने हा त्रास जास्त होतो, झाकण असलेल्या डेस्कटॉपमध्ये कमी. सुमारे ४५ अंशांना मऊ होऊन फटी भरणारे आणि थंड झाल्यावर घट्ट होणारे ‘फेज चेंज’ पॅड यावर चांगला उपाय आहेत. रोज बराच वेळ पूर्ण भारावर चालणाऱ्या मशीनसाठी मी त्यांचीच शिफारस करेन.

बाकी सर्वांसाठी, वीज न वाहणारी, मध्यम घट्ट, ओळखीच्या कंपनीची, काही शे रुपयांची साधी सिरॅमिक पेस्ट पुरेशी आहे. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि न झडणाऱ्या कापडाने पूर्ण पुसावी, झाकणाच्या मध्यावर वाटाण्याएवढा ठिपका द्यावा, झाकण लांबट असेल तर त्याच्या लांबीने एक रेघ ओढावी, आणि स्क्रू समोरासमोरच्या जोड्यांत थोडे थोडे आवळावेत. पेस्ट थोडी जास्त झाली तर ती बाहेर सरकते, नुकसान फारसे होत नाही. कमी पडली तर मात्र कोपरे कोरडे राहतात. दर वर्षी पेस्ट बदललीच पाहिजे या नेमाला आधार नाही. त्याच भारावर तापमान पूर्वीपेक्षा ठळकपणे वाढलेले दिसले, तरच बदलावी.

ते वाढले आहे का हे ठरवताना आपल्या हवेचा हिशेब धरावा लागतो. कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. खोली जितके अंश तापेल, जवळपास तितकेच अंश प्रोसेसरही चढतो. जानेवारीत घोडबंदर रोडवरच्या घरात २४ अंशांत घेतलेली नोंद आणि मे महिन्यात ऐरोलीच्या बंद खोलीत ३४ अंशांत घेतलेली नोंद यांत दहा अंशांचा फरक पेस्ट न बदलताच पडतो, आणि तो कोणत्याही दोन चांगल्या पेस्टमधल्या फरकाच्या कित्येक पट आहे. मेट्रोचे आणि इमारतींचे बांधकाम चालू असलेल्या भागात हीटसिंकच्या पात्यांमध्ये धुळीचा थर बसतो, तो आणखी काही अंश वाढवतो. म्हणून पेस्ट विकत घेण्याआधी पंखा आणि पाती ब्रशने साफ करावीत, खोलीत तापमापक ठेवावा, प्रोसेसरवर पूर्ण भार टाकून अर्ध्या तासाने त्याचे तापमान पाहावे आणि त्यातून खोलीचे तापमान वजा करून उरलेला आकडा लिहून ठेवावा. पेस्ट बदलल्यानंतर तुलना करायची ती या वजाबाकीशी.