भारी क्लच मागण्याआधी एवढं वाचा
मालवाहू ट्रक आणि पिकअपवाल्या ग्राहकांसाठी

"गाडी माल ओढते, सगळ्यात भारी प्लेट द्या" ही मागणी आमच्या क्लचच्या दुकानाच्या काउंटरवर रोज येते. भारी म्हणजे बहुतेकांच्या मनात बटण प्लेट, अर्थात सिरॅमिकची. ती आम्ही ठेवतो, आणि जिथे लागते तिथे स्वतःहून सुचवतो. पण अर्धा दिवस इंदूरच्या गर्दीत आणि अर्धा दिवस एबी रोडवर (आग्रा-मुंबई हायवेवर) काढणाऱ्या गाडीला ती सहसा लागत नाही.

क्लच माल ओढून जळत नाही, घसरून जळतो. पेडलवरचा पाय पूर्ण सुटला की प्लेट आणि फ्लायव्हील (इंजिनाच्या टोकाचं जड चाक) एकत्र फिरतात. मग घासणं नाही, म्हणून उष्णताही नाही. धामनोदकडून गणेश घाट चढून मानपूरला येताना इंजिन तापतं, गिअरबॉक्स तापतो, पण गिअर बरोबर असेल तर क्लचला काही होत नाही. तोच क्लच चोइथराम मंडीच्या रांगेत दर दोन मिनिटांनी हातभर पुढे सरकताना तापतो. म्हणून किती टन भरता हे विचारल्यावर लगेच दुसरा प्रश्न आम्ही विचारतो: दिवसातून गाडी किती वेळा उभी राहते आणि उठते?

आता ज्या एका चुकीपायी तुमची प्लेट, तुमची खेप आणि आमचा वेळ जातो, ती. भरलेली गाडी सेकंडवर उठवणं. फर्स्टला ताकद आहे, पण गिअर लगेच बदलावा लागतो, म्हणून ड्रायव्हर तो टाळतात. हिशोब बघा. इंजिनाच्या त्याच फेऱ्यांवर फर्स्टमध्ये क्लच साधारण ताशी ४ किमी वेगाला पूर्ण पकडतो असं धरलं, तर सेकंडमध्ये ७ किमीच्या आसपास पकडेल. तोवर प्लेट घसरतच असते. सपाट रस्त्यावर तिच्यात जिरणारी उष्णता वेगाच्या वर्गाच्या हिशोबाने वाढते. ४ चौक १६ आणि ७ सत्ते ४९, म्हणजे एका उठवणीत तिप्पट. चढावर याहूनही जास्त. त्यात चढावर हँडब्रेक न ओढता हाफ क्लचवर, म्हणजे पेडल अर्धं दाबून, गाडी तोलून धरली, तर नवी प्लेटही काही मिनिटांत वास मारू लागते.

अशी प्लेट परत आली की उघडताच कळतं. लायनिंग, म्हणजे प्लेटवरचा घासणारा थर, काचेसारखं चकाकतं, कडेला काळं पडलेलं असतं आणि फ्लायव्हीलवर निळे डाग असतात. हा कंपनीचा दोष नसतो, आणि अशी प्लेट वॉरंटीत आम्ही घेऊ शकत नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणून इथे छापलं आहे.

मग निवड कशी करायची? क्लचची पकड तीन गोष्टींवर ठरते: प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटचा दाब, लायनिंगचं घर्षण आणि प्लेटचा व्यास. साध्या ऑर्गॅनिक लायनिंगचा घर्षणांक साधारण ०.३ धरतात, सिरॅमिकचा ०.४ किंवा त्याहून जास्त. म्हणजे दाब तोच ठेवून नुसती बटण प्लेट टाकली तरी पकड एक तृतीयांशाने वाढते. ती जास्त तापमानही सोसते. पण पकडते ती झटक्याने. हातभर सरकायचं असेल तर गाडी उडी मारते, थरथरते, आणि तो झटका प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसला (सांध्याला) आणि गिअरच्या दातांना बसतो. फ्लायव्हीलही लवकर झिजतं. दुसरा मार्ग म्हणजे लायनिंग ऑर्गॅनिकच ठेवून जास्त दाबाची प्रेशर प्लेट घेणं. पकड मऊ राहते, पेडल मात्र जड होतं, रिलीज बेअरिंगवर (पेडल दाबल्यावर प्रेशर प्लेटला ढकलणाऱ्या) आणि क्रँकच्या थ्रस्ट वॉशरवर (क्रँकशाफ्टला पुढेमागे सरकू न देणाऱ्या) ताण वाढतो. मंडी, गोदाम आणि हायवे अशी मिळूनमिसळून धाव असेल तर आमचं मत याच्या बाजूने आहे, तेही दाब माफक वाढवून. बटण प्लेट आम्ही खाणीवरच्या गाड्यांना आणि सतत ओव्हरलोड ओढणाऱ्यांना सुचवतो.

क्लचची क्षमता इंजिनाच्या कमाल टॉर्कच्या (फिरवण्याच्या जोराच्या) दीडपट तरी असावी. ४०० न्यूटन मीटरचं इंजिन असेल तर ६०० चा क्लच. डिझेल पंप वाढवून घेतला असेल तर न लपवता सांगा, कारण मग कागदावरचा टॉर्क खरा राहत नाही. मध्ये स्प्रिंग नसलेली सरळ हबची (हब म्हणजे प्लेटचा मधला भाग) प्लेट रस्त्यावरच्या गाडीला घेऊ नका. इंजिनाचे धक्के गिअरबॉक्समध्ये उतरतात आणि तो खडखडतो.

"नुसती प्लेट द्या, बाकी चालतंय" यावर आमचा आग्रह थोडा कडक असतो. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग सोबतच झिजतात. डायफ्रामच्या (प्रेशर प्लेटमधल्या चकतीसारख्या स्प्रिंगच्या) बोटांच्या टोकांवर बेअरिंगची खोबण पडली असेल तर नव्या प्लेटचा उपयोग नाही. गिअरबॉक्स उतरवायची मजुरी तीच आहे, तेवढ्यात गिअरबॉक्सच्या शाफ्टचं पुढचं टोक धरणारं पायलट बेअरिंग आणि क्रँकचं मागचं ऑइल सीलही बदलून घ्या. ऑइलचा एक थेंब लायनिंगवर आला की सगळी मेहनत वाया जाते.

फ्लायव्हील फेसिंगचे (त्याचं तोंड लेथवर सपाट करण्याचे) पैसे आम्ही वेगळे लावतो. ते वाचवायच्या नादात राहू नका. बोट फिरवून कडेला पायरी लागली, बारीक तडे किंवा निळे डाग दिसले तर फेसिंग हवंच. तडे खोल असतील तर फ्लायव्हीलच बदला. फ्लायव्हील घडणीतच दोन पातळ्यांचं, म्हणजे पायरीवालं असेल तर लेथवर दोन्ही पृष्ठं सारखीच कापली पाहिजेत, नाहीतर प्रेशर प्लेटचा दाब बदलतो. हे काम आम्ही मापून करतो.

येताना जुनी प्लेट घेऊन या. गाडीचं मॉडेल पुरेसं नाही, कारण एकाच मॉडेलला वेगवेगळ्या वर्षी वेगळे क्लच आलेले असतात. बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये, हबच्या आतले स्प्लाइनचे दात आणि हबची लांब बाजू कोणत्या तोंडाला आहे, एवढं आम्ही दोन मिनिटांत मापतो. ३१० आणि ३३० लांबून सारख्याच दिसतात, पण त्यांच्या प्रेशर प्लेटचे बोल्ट एकमेकांच्या जागी बसत नाहीत.

बसवताना डमी शाफ्टने (गिअरबॉक्सच्या शाफ्टसारख्या दांड्याने) मध्य साधा, बोल्ट आमनेसामने थोडे थोडे कसा, आणि स्प्लाइनवर ग्रीसचा नुसता हात फिरवा. पहिले ५०० किमी पूर्ण माल भरू नका. क्लच घसरतोय का हे तपासायचं असेल तर वरच्या गिअरमध्ये ताशी ४० ला ॲक्सिलरेटर दाबा. फेऱ्या चढल्या आणि वेग तसाच राहिला, तर गाडी ढकलत आणायची वेळ येण्याआधी दुकानात आणा. मोजमाप आणि तपासणीचे पैसे नाहीत.