तणमोर म्हणजे माळढोकाचं पिल्लू नव्हे

गवताळ माळावर लहान चणीचा पक्षी दिसला की 'माळढोकाचं पिल्लू' म्हणायची जुनी सवय आहे. तो तणमोर असतो, पूर्ण वाढलेला. माळढोक मीटरभर उंच, नर पंधरा किलोपर्यंत भरतो. तणमोर जेमतेम कोंबडीएवढा. पावसाळ्यात तणमोराचा नर गवतातून सरळ वर उसळतो, पंख फडफडवतो, पुन्हा गवतात गडप होतो. डोक्यामागे रिबिनीसारखी लांब पिसं असतात. माळढोकाला ती नसतातच.

'तणमोराला धोका कमी' हेही खोटं. धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत (आययूसीएन) माळढोक 2011 पासून अतिसंकटग्रस्त, तणमोर 2021 पासून. माळढोक एका खेपेला बहुधा एकच अंडं घालतो, आणि समोरच्या वीजतारा त्याला वेळेत दिसत नाहीत. तणमोराचं तर गवतच नांगराखाली चाललंय.