वारसा इमारतींचा पुनर्वापर

जुन्या इमारतीचे मूळ काम संपले किंवा बदलले, तरी तिचे वास्तुरूप न बिघडवता तिला नव्या वापरासाठी सज्ज करणे म्हणजे वारसा इमारतीचा पुनर्वापर. यात डागडुजी असतेच. त्याखेरीज वीज, पाणी, स्वच्छतागृहे, लिफ्ट, अग्निसुरक्षा आणि अपंगांच्या ये-जा करण्याची सोय हे सारे जुन्या बांधणीत बसवावे लागते. इमारत नुसती जपून ठेवण्यापेक्षा हे काम अवघड आहे, पण बंद पडलेली इमारत वापरातल्या इमारतीपेक्षा लवकर ढासळते, हाही अनुभव आहे. कौले सरकली, पन्हळ तुंबली, तर तिथे ते पाहायलाच कोणी नसते.

वास्तुजतनाची तत्त्वे सांगणाऱ्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेने समाजोपयोगी वापर जतनाला मदत करतो हे मान्य केले. मात्र त्यासाठी इमारतीची रचना वा सजावट बदलू नये, अशी अट घातली. मुंबईत वारसा नियमावली १९९५ मध्ये लागू झाली. तिच्यात इमारतींच्या तीन श्रेणी आहेत. पहिल्या श्रेणीत इमारत बळकट करण्यापुरताच हात लावता येतो. दुसऱ्या श्रेणीत छाननीनंतर अंतर्गत बदल करून नवा वापर करता येतो. तिसरीत मोकळीक आणखी जास्त. मुंबई वारसा संवर्धन समिती अशा प्रस्तावांवर सल्ला देते.

नियम काहीही म्हणोत, निम्मे यश वापराच्या निवडीतच ठरते. पेशवेकालीन वाड्यात खांब, तुळया आणि कडीपाट (लाकडी कड्यांवर फळ्या टाकलेले छत) यांचा सांगाडा असतो आणि दोन खांबांमधल्या खणाच्या मापानेच सगळ्या खोल्या पडतात. अशा वाड्यात शाळा, छोटी कार्यालये किंवा प्रदर्शन सहज सामावते. सभागृह करायचे म्हटले की मधला खांब काढण्याची भाषा सुरू होते आणि वरच्या मजल्याचे ओझे कशावर पेलायचे, हा प्रश्न उभा राहतो. ग्रंथालयाचे तसेच. भारतीय मानकांनुसार राहत्या खोलीच्या जमिनीवर दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो वापरभार (माणसे आणि सामानाचे वजन) धरतात, तर पुस्तकांच्या साठ्याच्या खोलीत किमान ६०० किलो. वाड्याच्या माडीवर कपाटे रचण्यापूर्वी हा हिशेब अनेकदा कोणी केलेलाच नसतो.

वाड्याचे खरे नुकसान बहुधा न्हाणीघरापासून सुरू होते. माडीवर शहाबादी फरशी घालून संडास-मोरी काढली, की पाणी फटींतून झिरपते आणि भिंतीत रुतलेली तुळईची टोके कुजतात. बाहेरून तुळई ठणठणीत दिसते, पण भिंतीलगत स्क्रूड्रायव्हर टोचला तर तो सहज आत जातो. म्हणून स्वच्छतागृहे शक्यतो परसात, मूळ भिंतींना न टेकवता स्वतंत्र बांधणे बरे. खांबाचे बूड तळखड्यावर (खांबाखालच्या दगडी बैठकीवर) कुजले असेल, तर सगळा खांब बदलायची गरज नसते. तुळईला टेकू देऊन कुजका भाग कापतात आणि तेवढाच नवा सागवान सांधतात.

दुसरा शत्रू सिमेंट. चुन्याचा गिलावा भिंतीतली ओल बाहेर पडू देतो, सिमेंटचा गिलावा ती कोंडतो. मग क्षार भिंतीतच साठतात आणि विटा भुसभुशीत होतात. 'पक्के काम' म्हणून केलेल्या सिमेंटच्या लिंपणाने कित्येक भिंतींचे आयुष्य कमी केले आहे. चुना घट्ट व्हायला वेळ लागतो, कारागीर शोधावे लागतात, आणि ठेकेदाराची घाई नेमकी इथेच नडते.

भूकंपाच्या बाबतीत मात्र जुने ते सारे भक्कम, हा समज चुकीचा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात मातीत बांधलेल्या जाड दगडी भिंतींचे आतले आणि बाहेरचे थर एकमेकांपासून सुटून घरे कोसळली. अशा भिंतीत दोन्ही थरांना बांधणारे आरपार दगड किंवा सळ्या बसवणे, छताच्या पातळीला सलग पट्टा देणे आणि तुळया भिंतीला जखडणे, हे उपाय दर्शनी रूप न बदलता करता येतात.

आगीचे गणित वेगळेच असते. जाड सागवानाच्या पृष्ठभागावर कोळसा धरतो आणि आतले लाकूड काही काळ भार पेलत राहते. उघडे पोलाद सुमारे ५५० अंश सेल्सिअसला निम्मी ताकद गमावते. तेव्हा लाकूड म्हणजे धोका आणि लोखंड म्हणजे सुरक्षितता, असे सरसकट म्हणता येत नाही. खरी अडचण सुटकेच्या वाटेची. वाड्याचा जिना बरेचदा भिंतीच्या जाडीत, एका माणसापुरता असतो. मागच्या चौकात वेगळा जिना उभारणे आणि एका वेळी माडीवर किती माणसे जाऊ द्यायची हे ठरवणे, हेच शहाणपणाचे. मुंबईत कमला मिल आवारात २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर गच्चीवरील उपाहारगृहांना लागलेल्या आगीत १४ जणांचा बळी गेला. गिरणीचे आवार नव्या धंद्याला देताना कोणता प्रश्न आधी विचारायला हवा, ते त्या रात्री कळले.

पुण्यातला विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावासाठी १९ व्या शतकाच्या आरंभी बांधला गेला. तिथे १८२१ मध्ये संस्कृत पाठशाळा आली, १८७९ च्या आगीत काही भाग जळाला, पुढे नगरपालिकेचे कार्यालयही तिथे होते. सुरूच्या आकाराचे नक्षीदार खांब या सगळ्या घडामोडींतून टिकले. पणजीतील जुन्या वैद्यकीय महाविद्यालयाची इमारत चित्रपट महोत्सवासाठी वापरात आली. मुंबईचे रॉयल ऑपेरा हाऊस १९९३ मध्ये बंद पडले आणि २०१६ मध्ये पुन्हा प्रयोगांसाठीच उघडले. मूळ वापरच परत आल्यामुळे तिथे तडजोडी कमी कराव्या लागल्या असणार. याउलट कावसजी जहांगीर सभागृहाचे १९९६ मध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय झाले, तेव्हा बाहेरचे कवच राखून आत कलादालनांचे नवे मजले रचले गेले. चित्रांना जागा मिळाली. सभागृहाचा एकसंध अवकाश मात्र गेला. हा सौदा पटतो की नाही, याबद्दल मतभेद असू शकतात.

पैशांचा प्रश्न सर्वांत चिवट आहे. मुंबईत १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने गोठलेल्या भाड्यात घरमालकाला कौलेही बदलणे परवडेना. वारशाच्या बंधनांमुळे न वापरता येणारे बांधकाम क्षेत्र इतरत्र विकण्याचा हक्क नियमावलीने दिला, पण त्याचा फायदा मोठ्या भूखंडांच्या मालकांनाच अधिक. काळा घोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन ही बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) सांगाड्याची इमारत १८६० च्या दशकात वॉटसन हॉटेल म्हणून उभी राहिली; पुढे मोठ्या खोल्यांचे लहान भाग करून वकिलांची कार्यालये आणि दुकाने तिथे थाटली गेली, आणि २०१९ मध्ये ती धोकादायक म्हणून रिकामी करावी लागली.